लेन्सच्या नावातल्या दोन अक्षरांचे पैसे

भाच्याने दुकानातूनच फोन केला. "मामा, समोर दोन खोकी आहेत. दोन्ही निकॉनच्या, दोन्ही ७०-३००. एकीच्या नावात शेवटी व्हीआर आहे आणि ती महाग आहे. कुठली घेऊ?"

"काढणार काय आहेस तिनं?"

"सगळंच."

"मग आज काही घेऊ नकोस. घरी ये."

मागून दुकानदाराचा आवाज येत होता, "सर, व्हीआरच घ्या, फोटो हलतच नाही." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं कळलं की पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं, म्हणून हा लेख.

ही जोडी समजून घ्यायला फार सोयीची आहे. २०१६ साली निकॉनने क्रॉप बॉडीसाठी (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी) एएफ-पी या नव्या फोकस मोटरच्या प्रकारातल्या दोन लेन्स एकदमच आणल्या. फोकल लेंग्थ तीच (७० ते ३०० मिमी; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र तेच (एफ ४.५ ते ६.३; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), फरक फक्त स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे हाताचा कंप सावरण्याचा. व्हीआर हे त्याचंच निकॉनने ठेवलेलं नाव. वजनं ४०० आणि ४१५ ग्रॅम. अमेरिकेत जाहीर झालेल्या किमतींत ५० डॉलरचं अंतर. म्हणजे प्रश्न पंधरा ग्रॅमच्या यंत्रणेचा आहे. बाकी कंपन्यांकडे हीच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी मिळते: कॅननकडे आयएस, सिग्माकडे ओएस, टॅमरॉनकडे व्हीसी, सोनीकडे ओएसएस. नावं ट्रेडमार्कची, काम एकच. (जाता जाता: जुन्या बऱ्याच निकॉन बॉड्यांवर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही. सेकंडहँड बॉडी असेल तर ते आधी तपासा, व्हीआरचं नंतर बघू.)

केसाएवढा धक्का

कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सने काढलेले फोटो हललेले दिसत नाहीत, पण टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावली की दिसतात. हात तर तोच असतो.

२४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर ३०० मिमीची लेन्स लावली आणि ५० मीटर लांबच्या फांदीकडे रोखली, तर त्या फांदीचा साधारण ०.६५ मिलिमीटर भाग सेन्सरच्या एका पिक्सेलवर येतो. आता समजा कॅमेरा हातात घट्ट आहे, पण त्याच्यापासून वीस सेंटीमीटर पुढे असलेलं लेन्सचं तोंड ०.१ मिलिमीटर खाली गेलं. केसाच्या जाडीएवढंच. तेवढ्याने सगळं चित्र सेन्सरवर ३८ पिक्सेल सरकतं. तोच झुकाव ५० मिमीच्या लेन्सवर सहा पिक्सेलांत आटोपतो. हात तितकाच हलला, टेलीने तो सहा पट मोठा करून दाखवला.

शटर उघडं असताना हे सरकणं झालं तर फोटो पुसट. त्यावर फिल्मच्या काळापासूनचा अंदाज असा: शटर स्पीड निदान फोकल लेंग्थच्या उलट ठेवायचा. ३०० मिमीला १/३०० सेकंद. क्रॉप बॉडीवर त्याला दीडने गुणायचं, म्हणजे १/४५०, व्यवहारात १/५००. हा नियम पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट बघणाऱ्या माणसांनी बनवलेला आहे. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पिसं मोजायची खोड असेल तर याहूनही जलद शटर लागतं.

भर दुपारी १/५०० मिळवणं अवघड नाही. संध्याकाळी साडेसहाला एफ ६.३ वर ते मिळवायचं तर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढत जातो, आणि त्याबरोबर नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे. स्टॅबिलायझेशनचा धंदा इथे सुरू होतो.

लेन्सच्या आत काचांचा एक लहान गट असा बसवलेला असतो की तो वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकू शकतो. दोन छोटे जायरो सेन्सर लेन्स कुठल्या दिशेला किती वेगाने झुकतेय ते सतत मोजतात. चिप हिशोब करते आणि विद्युतचुंबक तो गट उलट दिशेला तेवढाच ढकलतात. लेन्स खाली झुकली तरी चित्र जागेवर. शटरचं बटण अर्धं दाबून लेन्सला कान लावा, बारीक गुणगुण ऐकू येते. व्ह्यूफाइंडरमध्ये थरथरणारी फांदी अर्ध्या-एक सेकंदात शांत होते. पहिल्यांदा हे बघताना मला कुणीतरी मागून कोपर धरल्यासारखं वाटलं होतं.

हे तंत्र ग्राहकांच्या हातात १९९४ मध्ये निकॉनच्या एका कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातून आलं आणि १९९५ मध्ये कॅननच्या ७५-३०० आयएस लेन्सने एसएलआरवर आणलं. तेव्हा दावा साधारण दोन स्टॉपचा होता, आता चार, पाच, साडेपाचचे असतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. १/५०० वरून १/२५०, १/१२५, १/६०, १/३०: झाले चार. तोच हिशोब आयएसओच्या भाषेत मांडला तर ३२०० च्या जागी २०० वर फोटो निघतो. हा फरक डोळ्यांना दिसणारा आहे, जाहिरातीपुरता नाही.

फक्त एक लक्षात ठेवायचं. खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक कंपनांवर मोजलेला असतो. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेने त्याची पद्धत २०१२ मध्ये ठरवून दिली. तुमचा हात मात्र 'सिपा'चा नाही. गड चढून धाप लागलेला असतो, दोन चहा झालेला असतो. खोक्यावरून एक-दीड स्टॉप मनातल्या मनात वजा करावा.

हात थांबतो, पक्षी नाही

आता दुकानदाराने न सांगितलेलं अर्धं.

ही यंत्रणा फक्त तुमचं हलणं पुसते. समोरच्याचं हलणं तिला कळतसुद्धा नाही. जायरो लेन्सला बसवलेला आहे, पक्ष्याला नाही.

भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलात आणि थवा उडाला, तर पंखांची टोकं गोठवायला १/१५००-१/२००० लागतं. नदी सुरय पाण्यात सूर मारत असेल तर त्याहून जास्त. एवढ्या जलद शटरला हाताचा कंप तसाही फोटोत उतरत नाही. मग ते पंधरा ग्रॅम करतात काय? व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर ठेवतात, त्यामुळे फोकसचा ठिपका पक्ष्याच्या डोळ्यावर धरणं सोपं जातं. तेवढा उपयोग खरा आहे, पण केवळ त्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजणार नाही. पक्षी उडताना काढणारे अनेकजण तर स्टॅबिलायझेशन बंदच ठेवतात.

याउलट त्याच संध्याकाळी परतताना वडाच्या ढोलीत पिंगळा बसलेला दिसतो. अंधारून आलंय. पिंगळा दगडासारखा निश्चल, नुसता आपल्याकडे रोखून बघतोय. इथे १/६० वर फोटो काढला तरी त्याचं काही हलत नाही, हलतो तो आपणच. स्टॅबिलायझेशन असेल तर दहातले बरेच फोटो शार्प निघतील. नसेल तर आयएसओ ६४०० वर नेऊन पिसांच्या जागी रवा दिसेल.

कॅननच्या एका जुन्या लेन्सची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. ४०० मिमी एफ ५.६, साल १९९३, वजन सव्वा किलो, स्टॅबिलायझेशन नाही. पुढे १९९८ मध्ये कॅननने १००-४०० आयएस आणली तरी उडते पक्षी काढणाऱ्यांनी ती जुनी ४०० सोडली नाही. फोकस झटपट, वजन हातात पेलणारं, आणि तसंही त्यांचं शटर १/१६०० च्या खाली कधी उतरत नव्हतं. ही माणसं जुन्याला चिकटून बसली होती असं नाही. त्यांना आपलं गिऱ्हाईक ओळखता येत होतं: उन्हातली घार.

म्हणून मी कुणाला 'स्टॅबिलायझेशन चांगलं की वाईट' असं सांगत बसत नाही. जुने फोटो उघडायला लावतो. टेलीने काढलेले, तुम्हाला स्वतःला आवडलेले शे-दोनशे फोटो. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात एक्सपोजर टाइम. मोबाइलवर असतील तर फोटोच्या डिटेल्समध्ये. बहुतेक आकडे १/१००० च्या वरचे निघाले तर पैसे वाचवा, किंवा मोठ्या अ‍ॅपर्चरवर घाला. १/२५० च्या खालचे असतील आणि समोरचं फारसं हलत नसेल तर घ्या, घासाघीस न करता घ्या. मधले असतील तर किमतीतला फरक बघून ठरवा. पन्नास डॉलरच्या फरकाला मी डोळे मिटून हो म्हणेन. पण कॅननच्या ७०-२०० एफ ४ मध्ये आयएस असलेली (२००६ ची) आणि नसलेली (१९९९ ची) यांच्या किमतीत दीडपटीहून जास्त फरक होता, वजनात मात्र जेमतेम ५५ ग्रॅमचा. तिथे थांबून विचार करावा लागतो.

आणि फेकून द्यायचे म्हणून बाजूला काढलेले फोटोही बघा, त्यांच्यात जास्त माहिती असते. फोटो मोठा करा. फांदी, पानं, पक्षी, सगळं एकाच दिशेला घसरल्यासारखं दिसतंय? तो तुमचा हात. फांदी शार्प आणि पक्षीच पुसट? तो पक्षी. सगळं शार्प आहे, फक्त पक्ष्याच्या मागची फांदी जास्त शार्प आहे? तो फोकस, तिथे ना आयएस कामाचं ना व्हीआर. लोक या तिन्हीला सरसकट 'शेक आला' म्हणतात आणि मग चुकीच्या औषधावर पैसे घालवतात.

बॉडीतच स्टॅबिलायझेशन असेल तर?

आता बऱ्याच मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत सेन्सरच हलतो, मग लेन्समध्ये कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. लेन्स ०.३ अंश झुकली तर ५० मिमीला चित्र सेन्सरवर पाव मिलिमीटर सरकतं, ४०० मिमीला दोन मिलिमीटरच्या वर. सेन्सरला इकडेतिकडे सरकायला जागा असते ती काही मिलिमीटरचीच. लेन्स जितकी लांब तितका बिचारा लवकर भिंतीला टेकतो. म्हणून ८५ मिमीपर्यंत मी बॉडीवर निर्धास्त विसंबेन, ३०० च्या पुढे लेन्समधलंच हवं. दोन्ही असेल तर उत्तम, ते मिळून काम करतात. कॅमेरा स्वतःच्या अक्षाभोवती गोल फिरतो तो कंप तर सेन्सरच सावरू शकतो, लेन्सला ते जमत नाही. डीएसएलआरमध्ये आणखी एक गोष्ट: व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आरशातून येतं, त्यामुळे ते स्थिर दिसायचं तर लेन्सनेच स्थिर करायला हवं.

पण स्वस्त बॉड्यांत सेन्सर हलत नाही. कॅननच्या आर ५० आणि आर १०० मध्ये नाही, निकॉनच्या झेड ३० आणि झेड ५० मध्ये नाही. आणि २०२५ साली कॅननने आपल्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटसाठी ७५-३०० आणली तीही आयएसशिवाय. म्हणजे बॉडीत नाही, लेन्समध्येही नाही, आणि घेणारा बहुतेक वेळा पहिलाच कॅमेरा घेणारा. किंमत कमी ठेवायची म्हणून हे केलंय हे समजतं. तरी नवशिक्याच्या हातात ३०० मिमी आणि आधार शून्य, हे मला पटत नाही. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्यालाच याची सगळ्यात जास्त गरज असते. व्हिडिओ काढणार असाल तर विचारूच नका. टेलीने हातात धरून काढलेला व्हिडिओ स्टॅबिलायझेशनशिवाय बघवत नाही, तिथे शटर स्पीड वाढवूनही सुटका नाही.

मी खाल्लेली माती

काही वर्षांपूर्वी गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर काढत होतो. संध्याकाळ, लेन्स ट्रायपॉडवर, शटर एक सेकंद. वीसेक फोटो काढले. खाली येऊन बघतो तर प्रत्येकात टॉवर दुहेरी. ट्रायपॉडला, वाऱ्याला, शेजारच्या पाण्याच्या पंपाला, सगळ्यांना दोष देऊन झाला. कारण निघालं लेन्सवरचं बटण. स्टॅबिलायझेशन चालूच राहिलं होतं. जुन्या लेन्सच्या जायरोला ट्रायपॉडवरची शांतता कळत नाही. तो स्वतःच्याच यंत्राची बारीक थरथर हाताचा कंप समजून दुरुस्त करायला जातो आणि चित्र हळूहळू तरंगायला लागतं. अलीकडच्या बऱ्याच लेन्सना ट्रायपॉड ओळखता येतो, तरी मी बटण बंद करतो. एकदा पोळलेला माणूस.

बटणाचे बाकीचे खेळही माहीत असावेत. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा असेल, म्हणजे पॅनिंग, तर बऱ्याच लेन्सवर मोड दोन असतो. तो आडवं फिरणं तुमचं मुद्दाम केलेलं समजतो आणि फक्त वर-खालचा कंप सावरतो. निकॉनच्या काही लेन्सवर 'अ‍ॅक्टिव्ह' असतो, तो गाडीतून किंवा नावेतून काढताना. ताडोबात जिप्सीत बसून हे उपयोगी पडतं, पण आधी चालकाला इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर इतकी जलद असते की मोड तिला बऱ्याचदा पुरा पडत नाही. आणि मागच्या सीटवर कुणी कूस बदलली की आख्खी गाडी डुलते. त्यावर अजून कुठल्याच कंपनीने मोड काढलेला नाही. तिथे कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती जिप्सीच्या दांडीवर टाकायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. ही बीनबॅग लेन्सच्या दोन अक्षरांना चांगली टक्कर देते, आणि परतल्यावर तिचा भातही होतो.

सेकंडहँड घेताना बटण चालू-बंद करून व्ह्यूफाइंडरमधून बघा. चालू केल्यावर चित्र एका बाजूला उडी मारून तिथेच थरथरत राहिलं किंवा खरखर ऐकू आली तर यंत्रणा गेलेली आहे. हलणारे भाग म्हणजे कधीतरी बिघडणारे भाग, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या लेन्सच्या किमतीला भिडू शकतो.

घरी करायचा प्रयोग सोपा आहे. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा, लेन्स ३०० वर. १/५०० ला दहा फोटो, मग १/२५०, १/१२५, १/६०, १/३०. एकदा स्टॅबिलायझेशन बंद ठेवून, एकदा चालू. मग तिथींचा तो बारीक ठसा किती फोटोंत वाचता येतो ते मोजा. पंचांगातली अक्षरं हलत नाहीत, तेव्हा पुसट दिसली तर दोष नक्की तुमच्याकडेच येतो. कुठल्या शटरपर्यंत तुमचा हात टिकतो आणि ती दोन अक्षरं तुम्हाला किती स्टॉप मिळवून देतात, हे अर्ध्या तासात कळतं.

भाचा रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आला. माझी जुनी ७०-३०० दोन महिने त्याच्याकडेच होती, स्टॅबिलायझेशनवाली. 'सगळंच' काढतो म्हणाला होता. उघडून बघतो तर थोडा पाऊस, थोडं मांजर, आणि बाकी सगळी कबड्डी. त्याच्या मंडळाचे सामने, रात्री फ्लडलाइटखाली. शटर १/१०० च्या आसपास. एक फोटो मोठा केला. मॅटवरची बोनस रेष सुरीसारखी शार्प, मागच्या पाट्यांवरची अक्षरं शार्प, आणि मधोमध चढाईपटू ओल्या फडक्याने पुसल्यासारखा.

"बघ," म्हटलं, "लेन्सने तुझा हात धरलाय. त्याचा पाय कोण धरणार?"

"त्याचा पाय कोपरारक्षक धरतो, मामा."

त्याला निदान १/५०० हवं होतं. त्या उजेडात एफ ६.३ वर आयएसओ १२८०० च्या घरात जातो, व्हीआर असो वा नसो. ८५ मिमी एफ १.८ लावली तर साडेतीन स्टॉपहून जास्त उजेड आत येतो आणि तेच शटर आयएसओ १००० ला मिळतं. व्हीआरही चार स्टॉप देतं म्हणतात, पण ते चार फक्त हाताचे. हे साडेतीन हाताचेही आणि चढाईपटूचेही. शिवाय पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, क्रॉप बॉडीवर ८५ म्हणजे साधारण १२७ मिमीचं दृश्य. कडेला बसलं तर पुरतं.

थोडे पैसे साठवून त्याने ८५ घेतली. स्टॅबिलायझेशन नसलेली. दोन्ही खोकी दुकानातच राहिली. आता त्याची नवी तक्रार आहे: रेषेला खेटून बसावं लागतं, आणि पकड झाली की चारजण मिळून कॅमेऱ्यासकट त्याच्या अंगावर येतात.